पुष्पलतेची पत्रं

गोळीबार चौकाजवळच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. अंतर्यामी महाराज डोळे मिटून बोलत होते आणि निम्मं नागपूर तोंडात बोट घालून ऐकत होतं.

"बेटी, बीजगणितात नापास झालीस, प्रगतिपुस्तक पेटीखाली दडवलंस. डाव्या गुडघ्यावर भाजल्याचा डाग. आई गेल्यापासून झोप नाही. बोल, झूठ आहे का?"

चंद्रकलाने नुसती मान हलवली. सगळं खरं होतं. हातमागावर उभं आयुष्य घालवलेले तिचे वडील शालिकराम महाराजांच्या पायांवर पडले. महाराजांचं निदान तयारच होतं: पोरीला बाधा आहे. शाळा बंद, मॅट्रिकचा फॉर्म भरायचा नाही, गुरुवारपासून आश्रमात राहून सेवा करायची. एवढ्या ज्ञानी पुरुषाला सेवेसाठी सतरा वर्षांच्याच मुली का लागतात, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

चंद्रकलाला राग आला नाही, भीतीही वाटली नाही. कुणा दुसऱ्याच मुलीबद्दल बोलणं चाललंय असं वाटलं. घरी येऊन तिने भांडी घासली.

दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेतल्या बाई, सुभद्राबाई, घरी आल्या.

"प्रगतिपुस्तकाचं कोणाले सांगतलं होतं वं?"

"कोणालेच नाई. फक्त पुष्पलताले. पत्रमैत्रीण हाये, कळमेश्वरची. मासिकात पत्ता आला होता. वर्ष झालं लिहून राहिली मी."

"पाह्यलं कधी तिले?"

"नाई. फोटो पाठवीन म्हणते."

बाईंनी तिला तिथंच नवं पत्र लिहायला बसवलं: घरामागे चाफा आहे, तिन्हीसांजेला त्यातून बाईचे हुंदके ऐकू येतात. खाली कार्बन ठेवला. पत्र पोस्टात गेलं; नक्कल बंद पाकिटात घालून बाईंनी शालिकरामांना दिली. "गुरुवारी मंडपातच फोडा."

गुरुवारी महाराज गरजले, "शालिकराम, घरामागचा चाफा तोड! तिन्हीसांजेला त्यात बाई हुंदके देते!"

"आमच्या मांगं तं रंगाऱ्याची भिंत हाये, महाराज."

"ते झाड सूक्ष्म आहे!"

कुणीतरी फिदकन हसलं. शालिकरामांनी पाकीट फोडलं आणि अक्षर लावत लावत मोठ्याने वाचलं. वर 'प्रिय पुष्पलता', खाली चाफा, तिन्हीसांज, हुंदके. मग त्यांनी ते पुन्हा वाचलं.

"हे तं माह्या पोरीनं पुष्पलताले लिहिलं होतं. तुमाले कसं गावलं?"

महाराजांची दिव्यदृष्टी पोस्टाने येत होती. बायकांच्या बाजूला शेजारच्या कांताबाईंची मुलगी गोपिका उठली. "पुष्पलता मलेही लिहिते." तिच्यामागे आणखी दोघी उठल्या. लोकांनी पोलीस येईपर्यंत महाराजांना जागचं हलू दिलं नाही.

फॉर्म भरला गेला, पण चंद्रकलाला आनंद झाला नाही. आपलं सगळं जिला सांगितलं ती कुठे नव्हतीच, एवढंच डोक्यात फिरत होतं.

बाई वर्गात म्हणाल्या, "मैत्री करा, पत्रं लिहा. पण जिले पाह्यलं नाई, तिले घरातलं, मनातलं सांगू नका. एखाद्याले तुमचं सगळं माहीत असलं, तं पाया पडायच्या आधी विचारा, त्याले सांगतलं कोणं? अन् सांगून बसल्या असाल तं लपवू नका. आमच्याजवळ या. कोणी रागावणार नाई."

चंद्रकला उठून उभी राहिली आणि पहिल्या पत्रापासून सांगू लागली.