दाब सोडून कापलेलं गाणं

शिंपीणबाईंच्या नवऱ्याने वर्षभर मिठाची गुळणी धरली होती. तसा हा बसड्रायव्हर. रस्त्यावरच्या प्रत्येकाचा उद्धार करायचा. पण लेकीचं नाव निघालं की तोंड बंद! ठमीने स्वतःच्या पसंतीने लग्न केलं तेव्हा हा रागाच्या भरात म्हणाला, "या घरात पाऊल टाकू नकोस." तीही त्याचीच लेक, नाही टाकलं. राग केव्हाच विरला होता, पण माघार घ्यायला शब्द लागतात. ते याच्याकडे कुठले?

"आज वाढदिवस आहे तिचा. फोन करा," बाई म्हणाल्या.

"मी बोलणार नाही."

"नका बोलू. नुसते ओठ हलवा. मागे गाणं वाजेल."

ठमीच्या वेण्या घालताना हा एका सिनेमातलं गाणं गुणगुणायचा, तेच काढलं. बाई मोबाइलवर बघून बघून असे व्हिडिओ करायला शिकल्या होत्या: गाणं लावायचं, माणसाने ओठ हलवायचे, एकेका ओळीचा तुकडा काढायचा, मग तुकड्यांचा आवाज बंद करून वर मूळ गाणं चढवायचं. हाय काय अन् नाय काय!

मोबाइल शिलाई मशीनवर रिळांना टेकवला, आतल्या खोलीतल्या स्पीकरवर गाणं लावलं. ड्रायव्हरसाहेब ताठ बसले.

"अहो, हसा की! लायसनचा फोटो नाही काढत."

हसले, तर ओळ विसरले. ओळ आठवली, तर शिंक आली. एकदा तर ऐन कडव्यात हॉर्न दाबल्यासारखा हात पुढे गेला. बाईंची हसून हसून पुरेवाट झाली. शेवटची ओळ एकदाची जमली आणि मोबाइल तसाच सोडून त्या स्पीकर बंद करायला आत गेल्या.

मग कापाकापी. बाईंचा जन्मभराचा नियम, दाब सोडल्याशिवाय कापायचं नाही. कपडा पुढेमागे सैल करायचा तर शिवणीत जादा कापड हवंच. तसा प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांना थोडा थोडा दाब सोडला. शेवटच्याला जास्तच, कारण खालची पट्टी दुमडायला नेहमी जास्त लागतं. आणि धीर कुणाला! आधी ठमीला पाठवलं, मग दोघं बघायला बसले.

पहिल्या ओळीला ओठ जरा मागे पडले. दुसरीला आणखी. पुढे गाणं एकीकडे, नवरा एकीकडे. गाणं संपलं तरी हा आपला रवंथ करतोय!

"शोभा केलीस माझी!" तो ओरडला.

पण तुकडा अजून संपला नव्हता, आणि नेमका त्याचाच आवाज बंद करायचा राहिला होता. पडद्यावरच्या ड्रायव्हरने आतल्या खोलीकडे पाहिलं, बाई नाहीत याची खात्री केली, मग मोबाइलकडे वाकून हळूच म्हणाला, "ठमे, चुकलं गं माझं."

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काय हा माणूस! यंत्राला सांगितलं, पण बायकोला नाही.

"काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!"

"बघितलं तिने," बाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात ठमीचा व्हिडिओ कॉल आला. त्यांनी मोबाइल सरळ त्याच्या हातात कोंबला.

"बाबा, गाणं काही जुळलेलं नाही हं," ठमी नाक ओढत म्हणाली. "पण शेवटचं परत म्हणा."

त्याने तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज फुटेना.

"बाबा, आता मागे कुणी गात नाहीये."

त्याने घसा खाकरला. "जेवायलाच ये," तो म्हणाला. "त्यालाही आण."