देवमाशाची ऊ

संग्रहालयाच्या मागच्या शेडमध्ये धाकट्याने फायबरचा देवमासा उभा केला होता, चांगला दोन बसगाड्यांएवढा. आता त्याच्या अंगावरची ऊ तेवढी करायची राहिली होती. ऊ आपलं म्हणायचं, जात खेकड्याची. नखाएवढा जीव, सगळा जन्म देवमाशाला चिकटून काढायचा. पोहता येत नाही बिचारीला. सुटली की मेली.

"लोकांना दिसायला नको का? ताटाएवढी करा नि काचेच्या पेटीत ठेवा," साहेब म्हणाले. धाकट्याने केली तशी.

धाकटा म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या, पण दादापुढे कोण मोठा होणार? दादा खोकला तरी अख्ख्या गल्लीला कळायचं. धाकट्याचं लग्न काही जमलं नाही, आणि तो दादाच्या मागच्या खोलीत राहिला तो राहिलाच. सहा महिन्यांपूर्वी दादा गेला. आता भाड्याचं घर सोडून वहिनी लेकीकडे निघाल्या होत्या, लांबच्या गावी. "तुम्हीही चला, भाऊजी," एवढं ऐकायला धाकट्याचे कान आसुसले होते. पण स्वतःहून विचारायला मेली जीभच उचलेना!

निघायच्या आदल्या दिवशी धाकटा जेवणाचा डबा घरीच विसरला, म्हणून वहिनी तो घेऊन शेडमध्ये आल्या. पेटीकडे बघून म्हणाल्या, "अगंबाई! हे काय ध्यान?"

धाकट्याने उवेची कुंडली सांगितली आणि वर हसला. "थोडक्यात काय, मीच. आयत्या बिळावर नागोबा. एवढ्या मोठ्या देवमाशाला पत्ताही नसतो, अंगावर कोण बसलंय त्याचा."

वहिनी हसल्या नाहीत. "असं देवमाशाने सांगितलं वाटतं तुम्हाला?"

वहिनींनी डबा त्याच्या हातात दिला.

"कडी लावायच्या आधी हे रोज वाकून दाराशी तुमच्या चपला बघायचे. दिसल्या की मगच कडी. तुम्हाला उशीर झाला की खुर्चीत ताटकळायचे, नि तुमची पावलं वाजली की धावत जाऊन झोपेचं सोंग! म्हणायचे, कळलं तर लाजेल वेडा."

धाकट्याच्या हातातला डबा हातातच राहिला.

"लेकीकडे मलाच नातवंडांच्या खोलीत झोपायचंय हो," वहिनी म्हणाल्या, "नाहीतर..."

"छे, छे! मला कुठे सवड आहे?" धाकटा घाईघाईने म्हणाला.

वहिनी गेल्यावर त्याने आणखी एक ऊ केली, खरोखर नखाएवढी, आणि शिडी लावून देवमाशाच्या डोळ्याशेजारी चिकटवली.

"अहो, कोणाला दिसणार ती तिथे?" साहेबांनी खालून विचारलं.

"ज्याला दिसायची त्याला दिसेल," धाकटा म्हणाला.

पुढच्या आठवड्यात त्याने एक खोली घेतली. पहिल्या संध्याकाळी घरी आला, दार लोटलं, कडीला हात घातला आणि थांबला. वाकून त्याने दाराशी बघितलं. चपलांचा एकच जोड होता, त्याचाच.

मग त्याने कडी लावली.