मधले गठ्ठे

माझ्या नणंदेचा देव त्यांच्यापाशीच राहिला असता, तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण त्या त्याला रोज माझ्या अंगावर सोडतात.

आम्ही दोघी एकाच घरात राहतो आणि एकाच खोलीत काम करायचो. ही शिक्षा कुठल्या गुन्ह्याची, ते मला अजून कळलेलं नाही. नवरा गेल्यावर ताई आमच्याकडे राहायला आल्या आणि त्यांनीच शब्द टाकला म्हणून मला त्यांच्या हॉस्पिटलात नोकरी लागली. हे त्या मला विसरू देत नाहीत. आमची खोली ऑपरेशन थिएटरच्या मागे आहे. तिला खिडकी नाही. एक जुनं, लोखंडी दाराचं वाफेचं यंत्र आहे. ऑपरेशनची हत्यारं धुवायची, कापडात गुंडाळून गठ्ठे करायचे, यंत्रात भरायचे आणि कडक वाफ द्यायची, म्हणजे जंतू मरतात. धुणं, गुंडाळणं, भरणं माझ्याकडे होतं. यंत्र चालवणं आणि गठ्ठे थिएटरमध्ये पाठवणं ताईंकडे. दार लावताना त्या डोळे मिटून देवाचं नाव घ्यायच्या. मी नेमकी त्याच वेळी बादली आपटायचे.

खोलीची प्रमुख बाई निवृत्त झाली होती आणि तिची जागा आमच्यापैकी एकीला मिळणार होती. त्या दिवशी सकाळी मेट्रनबाई दारात उभ्या असताना ताई त्यांना म्हणाल्या, माझ्यादेखत म्हणाल्या:

“कामाला ही आगपेटी वाईट नाही हो. पण हिला देव नाही. वर कोणी बघत नाही असं जिला वाटतं, ती दार बंद झाल्यावर काय करेल, याचा नेम आहे का? अशा बाईच्या हातात ही खोली द्यायची?”

मेट्रनबाई हसल्या आणि निघून गेल्या. हसल्या म्हणजे त्यांना पटलं, हे मी ओळखलं.

“ताई,” मी म्हटलं, “कोणी बघतंय म्हणून जो चोरी करत नाही, तो सज्जन नव्हे. घाबरट.”

“घाबरट तर घाबरट. आम्हाला निदान भीती तरी आहे. तुला कशाची आहे?”

“वर कोणी बघत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून मला स्वतःलाच बघावं लागतं.”

“हो का? उचलली जीभ, लावली टाळ्याला!”

मी गठ्ठे भरत होते. तोंड चालत होतं तसे हातही चालत होते. ताईंच्या टाळक्यात घालावा तसा एकेक गठ्ठा मी आत कोंबला, आणि मग त्यांनी डोळे मिटून दार लावलं.

गठ्ठ्याला दोन पट्ट्या असतात. बाहेरच्या चिकटपट्टीवर उष्णतेने काळ्या रेघा उमटतात. त्या इतकंच सांगतात, की गठ्ठा यंत्रात जाऊन आला. दुसरी पट्टी आत, हत्यारांपाशी असते. वाफ थेट तिथवर पोचली तरच ती काळी होते. थिएटरमध्ये गठ्ठा सोडला की आतली पट्टी आधी बघायची असा नियम आहे. पण आमच्या थिएटरमध्ये ती कोणी बघत नाही. “ताईंनी नाव घेऊन काढलेत,” म्हणतात आणि कामाला लागतात.

दुपारी ड्रेसिंगच्या खोलीतून चिमटा मागायला माणूस आला. मी फळीवरचा एक गठ्ठा सोडला. बाहेर रेघा काळ्याभोर, आतली पट्टी पांढरी. मी दुसरा सोडला. तीही पांढरी.

“ताई, यातला एखादा आत गेला का?”

“मोठा गेला ना आत्ताच. पोटाच्या ऑपरेशनला. का गं?”

मी पट्टी त्यांच्या नाकासमोर धरली. त्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

“लवकर काढलेत ना? डॉक्टर ओरडले म्हणून?”

“नाही गं! पूर्ण वेळ ठेवले होते. देवाशपथ!”

“म्हणजे पट्टी खोटं बोलते?”

त्यांनी माझं मनगट धरलं. “थांब जरा. पेशंटला औषधं देतातच की. मी नाव घेऊन दार लावलंय, काही होणार नाही. तू गप्प राहिलीस तर तुला कोण विचारायला येतंय? तुला तर वरूनही कोणी बघत नाही.”

मी हात हिसकला आणि धावले. ऑपरेशनच्या टेबलावरच्या बाईचं वाईट होऊ नये म्हणून धावले, हे खरंच आहे. पण धावताना मला आनंदही होत होता. सापडल्या, सापडल्या, असं चाललं होतं मनात.

बाईला भूल दिलेली होती. ट्रे मांडलेला होता आणि डॉक्टर हातमोजे चढवत होते. मी दारातूनच ओरडले. डॉक्टर माझ्यावर खेकसले, मग नर्सने पट्टी बघितली, आणि मग ते नर्सवर खेकसले. कपाटातला राखीव गठ्ठा आला आणि ऑपरेशन नीट पार पडलं. त्या बाईला यातलं काही कळलं नाही.

मेट्रनबाईंच्या खोलीत ताई छातीवर हात ठेवून उभ्या होत्या. “पूर्ण वेळ चालवलं होतं. देवाच्या साक्षीने सांगते.”

“शपथा घरी घ्या,” मेट्रनबाई म्हणाल्या. “पट्टी पांढरी आहे. अर्धवट वाफेवर काढलंत तुम्ही. माणूस मेलं असतं.” मग माझ्याकडे वळल्या. “उद्यापासून खोली तू बघ. ह्यांचं काय करायचं ते मी मोठ्या डॉक्टरांशी बोलते.”

काय करणार ते उघड होतं. काढून टाकणार. आमच्या घरात ताई पाहुण्यासारख्या राहतात. डबा घेऊन बाहेर पडल्या की त्यांची मान ताठ होते. मला त्यांची दया आली का? नाही आली. आता बोलवा देवाला साक्षीला, असं म्हणत मी खोलीत परत आले.

उरलेले गठ्ठे उघडून सगळं पुन्हा धुवायचं होतं. मी एकटीच होते. पहिला गठ्ठा सोडला. आतली पट्टी काळी. दुसरा सोडला. काळी. मला कळेना. वेळ कमी पडला असता तर सगळ्याच पट्ट्या फिक्या निघायला हव्या होत्या. कोणता गठ्ठा कुठे ठेवला होता, ते मी आठवू लागले. भिंतीकडच्या गठ्ठ्यांच्या पट्ट्या काळ्या होत्या. पांढऱ्या होत्या त्या मधल्या. माझा हात नळावरच राहिला.

दोन गठ्ठ्यांमध्ये तळहात सरकेल एवढी जागा ठेवायची, नाहीतर मधल्यांना वाफ लागत नाही. हे मला पहिल्या दिवशी ताईंनीच शिकवलं होतं.

त्यांनी यंत्र पूर्ण वेळ चालवलं होतं. गठ्ठे मी कोंबले होते, त्यांना शिव्या घालत.

आता करायचं काय? काहीच नाही. पट्ट्या कचऱ्यात, कापडं पाण्यात, की संपलं. आमचं यंत्र जुनं आहे. ते किती वेळ चाललं, हे कुठेही उमटत नाही. उद्यापासून खोली माझी आणि सकाळचा अपमान फिटला. मी वर बघितलं. छत होतं आणि छतावर वाफेचा ओला डाग होता.

खरं सांगते, त्या वेळी मला ताईंचा हेवा वाटला. त्यांच्यासारखा देव माझ्याजवळ असता, तर मी त्याला घाबरले असते. किंवा मनातल्या मनात त्याची माफी मागून मोकळी झाले असते आणि सुखाने प्रमुखबाई म्हणून बसले असते. पण तिथे माझ्याशिवाय कोणी नव्हतं, आणि माझ्याकडून मला माफी मिळणार नव्हती. सकाळचं माझंच वाक्य मला काट्यासारखं टोचत होतं. स्वतःलाच बघावं लागतं म्हणे! कोणी सांगितलं होतं एवढं बोलायला?

मी पट्ट्या मुठीत घेतल्या आणि तरातरा निघाले. मेट्रनबाईंच्या खोलीबाहेर बाकावर ताई बसल्या होत्या. डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत होते. मी त्यांच्याकडे बघितलंही नाही. आत जाऊन पट्ट्या टेबलावर टाकल्या.

“ह्या कडेच्या, काळ्या. ह्या मधल्या, पांढऱ्या. मी गठ्ठे कोंबून भरले, म्हणून मधल्यांना वाफ लागली नाही. ताईंनी यंत्र पूर्ण वेळ चालवलं.” माझा आवाज असा चढला होता, की चूक मेट्रनबाईंचीच होती असं वाटावं.

त्यांनी पट्ट्या उलटसुलट करून बघितल्या. “हे कोणाला कळलंही नसतं.”

“मला कळलं होतं ना!” मी खेकसले.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. खोली ताईंना मिळाली. मला चादरी धुण्याच्या विभागात पाठवलं. तेही मी सहन केलं असतं.

पण बाहेर येते तो ताईंनी माझे दोन्ही हात धरले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. भोवती चार-पाच नर्सा जमल्या होत्या.

“बघितलंस? बाकावर बसून मी सारखं हेच मागत होते. शेवटी त्यानेच तुला बुद्धी दिली गं.”

“कोणी बुद्धी दिली नाही! मी सांगितलं. माझं मी.”

“तुझ्या तोंडून त्यानेच वदवलं.”

“आणि मला गप्प बसायला सांगत होतात, तेव्हा कुठे होता तो?”

ताई जराही अडखळल्या नाहीत. “मी चुकत होते, म्हणून तर त्याने तुला धावायला लावलं.” नर्सांनी माना डोलावल्या. एकीने डोळे पुसले.

“ताई, खोली घ्या, सगळं घ्या. पण एवढं माझं होतं. एवढं तरी माझ्याकडे राहू द्या.”

“असू दे, असू दे,” त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या. “तो नाही रागवायचा तुझ्यावर.”

ती गोष्ट आता हॉस्पिटलभर झाली आहे. खालच्या मजल्यावर चादरी पिळताना मलाही ती कोणी ना कोणी येऊन सांगतं. त्या गोष्टीत गठ्ठे कोंबणारी मी आहे. खरं बोलणारा तो आहे.