ढिली पिन

...नुसत्या बोटाच्या रेट्यानं पिन तळहातावर आली. हातोडीला हात लावायची वेळच आली नाही. काडेपेटीतल्या काडीहून बारीक, टोकांशी काळपट, मधे घासून घासून चकचकीत झालेली लोखंडी पिन — अशा दोन पिनांच्या जोरावर जुन्या पिस्तुलाची नळी लाकडी दस्त्याला धरून बसते, आणि त्या ढिल्या झाल्या की हातात घेताच खुळखुळ वाजते. तिनं पिन काचेच्या तुकड्यावर ठेवून बोटानं लोळवली. सरळ होती. आता तिला मधोमध किंचित, म्हणजे डोळ्याला जेमतेम कळेल इतका बाक द्यायचा, मेणाचा हात फिरवायचा आणि परत भोकात सारायची — त्या बाकानं ती आत धरून राहते, आणि उद्या कुणाला काढायची झाली तर निघतेही. संग्रहालयाच्या तळघरातल्या या खोलीत बसून तिनं अशा कितीतरी पिना बसवल्या होत्या. हात आपापले चालत होते. बरंच होतं ते.

काल संध्याकाळी नवरा परत आला होता.

तो गेला तेव्हा सासूबाई काठीशिवाय चालत होत्या. बेल वाजली, तिनं दार उघडलं, तर दारात तो — एक बॅग, कानांजवळ पांढरे केस, आणि म्हणाला काय, तर, "दाराचा रंग बदललास?" ती म्हणाली, "हो." मग कपाटातून धुतलेली चादर काढून तिनं बैठकीतल्या कोचावर घातली... एवढंच झालं. रडारड नाही, भांडण नाही. रात्री झोपही लागली चांगली, मेल्यासारखी. सकाळी उठल्यावर ती स्वतःला चाचपत राहिली — आनंद झालाय का? नाही. राग? तोही नाही. दात काढायला दिलेलं इंजेक्शन अंगभर पसरावं, तसं काहीतरी.

तिनं पिनेवर हातोडीचा हलका टोला दिला. उचलून पाहिली. आणखी एक.

मोबाइल थरथरला. सासूबाई.

"अगं, तो अंघोळीला गेलाय. तुझा तो जाडा टॉवेल दिला त्याला. चालेल ना?"

"चालेल."

"आणि येताना बिनसाखरेची बिस्किटं आण. डॉक्टरांनी साखर बंद केलीय म्हणे त्याची. किती वाळलाय गं..."

"बरं," ती म्हणाली.

याच सासूबाई. इतकी वर्षं म्हणायच्या, आला ना, तर उंबरा ओलांडू देणार नाही, माझ्या पोटचा असला म्हणून काय झालं! त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसलेली ही, त्यांच्या केसांतला गुंता सोडवणारी ही. आणि हिचा हात धरून त्या म्हणाल्या होत्या, तूच माझी लेक... काल त्याच बाई भिंतीला धरून धरून दारापर्यंत आल्या आणि दोन्ही हातांनी त्याचं तोंड कुरवाळत राहिल्या. हिनं ते पाहिलं. चादर हातात घेऊन, सामानवाल्यानं पत्ता विचारायला थांबावं तशी उभी राहून पाहिलं.

मेण लावून तिनं पिन भोकाशी टेकवली, वर पिन आत सारायचा पितळी पंच धरला आणि ठोकलं. टोला जड पडला — नेहमीच्या दुप्पट जड — आणि भोकाच्या कडेचं लाकूड टच्कन उडालं.

समोरच्या टेबलावर खुर्चीचा पाय जोडत बसलेल्या सुतारकाकांनी मान वर केली. "अगं, तुझ्या हातून?"

ती गुडघ्यांवर बसून फरशीवर कपची शोधू लागली. काकाही कण्हत-कुंथत खाली बसले, चष्मा कपाळावर चढवून टेबलाखाली शिरले, आणि नखाएवढी कपची त्यांनाच सापडली.

"जात नाही कुठं. बसेल परत, दिसायचीसुद्धा नाही," कपची तिच्या हातावर ठेवत ते म्हणाले. मग तिथंच, टेबलाखालीच, विचारलं, "घरी ठीक आहे ना सगळं?"

"नवरा परत आलाय."

बाहेरच्या माणसाला हे पहिल्यांदाच सांगितलं होतं तिनं. बोलताना वाटलं, शेजारणीबद्दलच काहीतरी सांगतोय आपण.

काकांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला. मग अगदी साधेपणानं म्हणाले, "राहायला की भेटायला?"

ती त्यांच्याकडे बघतच राहिली. "विचारलं नाही."

"असं," म्हणून काका टेबलाच्या कडेला धरून उठले आणि आपल्या खुर्चीच्या पायाकडे वळले.

तिनं कपचीला सरसाचा थेंब लावला, जागेवर बसवली आणि अंगठ्यानं दाबून धरली. सरस धरेपर्यंत हात काढायचा नाही. मोबाइल पुन्हा थरथरू लागला, टेबलावर सरकत सरकत कडेपर्यंत गेला. तिनं तो घेतला नाही, घेता येतही नव्हता. वर कुठंतरी शाळेची सहल आली असावी, जिन्यावर पावलांचा नुसता धडाका चालला होता.

राहायला की भेटायला... तिनं नाही विचारलं. सासूबाईंनीही नाही. त्यानंही सांगितलं नाही — जणू कोपऱ्यावर दूध आणायला गेला होता. आणि तिला कुणी विचारलं होतं? टॉवेलाचं विचारलं, चालेल ना म्हणून... आज घरी जाऊन विचारायचं. बॅग रिकामी करण्याआधी. नाहीतर जेवताना. ती मनातल्या मनात शब्द जुळवू लागली आणि त्याचं उत्तर ऐकू लागली — राहायला, तो म्हणाला, खाली बघत. मग पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाला, भेटायला, निघेन परवा. दोन्ही उत्तरं तिनं नीट ऐकून घेतली, एकामागून एक. आणि दोन्ही वेळा आत अगदी खोल काहीतरी तापलं, सारखंच तापलं. दुमडलेल्या पायाला बसल्या बसल्या मुंग्या याव्यात आणि मग त्याच जागी सुया टोचू लागाव्यात, तसं... तिला कळेना, आता हे वाढणार की विरणार. दाबून दाबून अंगठा पांढरा पडला होता. सरस केव्हाच धरला होता बहुतेक. तिनं हात काढला नाही.