चढती रेघ

“तुमच्या त्या तक्त्यात मला कुठं धरतात हो?” घरोघरी जाऊन बाळं नि म्हातारी माणसं तपासणाऱ्या सरकारी नर्सताईंनी विचारलं होतं.

“सरकारी खर्चात,” पोट सावरत ती म्हणाली होती. देशातली कुटुंबं कशावर किती खर्च करतात, सरकार किती करतं, वर्षानुवर्षांत काय वाढलं नि काय आटलं, याचे चढत्या-उतरत्या रेघांचे तक्ते ती सरकारी सांख्यिकी कचेरीत काढायची.

“मग सांभाळा. तुमचे साहेब मलाच आटवायला निघालेत. मी गेले की तुमच्या बाळाला कोण बघणार?”

“काहीतरीच काय, ताई! रेघांनी कुणाची नोकरी जाते का?”

गेली. तिच्याच तक्त्यावर बोट ठेवून साहेब बैठकीत म्हणाले, “औषधपाण्यावरचा घरगुती खर्च बघा कसा चढतोय! लोकांची ऐपत वाढलीय, हौसेनं खर्च करतात. मग सरकारनं घरोघर माणसं कशाला धाडायची?”

“हौसेनं की नाइलाजानं, ते रेघेवरून कळत नाही, सर.”

“तुम्ही आता रजेवर जा बघू. डोहाळे पुरवून घ्या.”

सगळे खो-खो हसले. ते हसणं तिच्या मनात रुतून बसलं.

मुलगी झाली. नर्सताई असत्या तर बाळ बसायला लागल्यावर त्याच्या पाठीमागून हळूच घंटी वाजवून बघितली असती. कुणीच आलं नाही. सासूबाई मात्र कौतुकानं सांगत फिरायच्या, “आमची चिमी भारी शहाणी! कुकरच्या शिट्टीलाही दचकत नाही.”

चिमी दोन वर्षांची होऊनही ‘आई’ म्हणेना, तेव्हा खासगी डॉक्टर गाठला. “कानाला यंत्र बसवू. पण फार उशीर केलात,” तो म्हणाला. यंत्राचे पैसे भरताना तिला वाटलं, चला, आपणही रेघ थोडी वर ढकलली.

साहेब निवृत्त झाले आणि नेमके तिच्याच इमारतीत, तिच्या डोक्यावर राहायला आले. एकटेच. परवा कठडा धरत खाली उतरले नि तिच्या दारात उभे राहिले.

“सकाळी उठलं की घेरी येते हो. पूर्वी ते म्हाताऱ्याकोताऱ्यांना तपासायला घरी यायचे ना सरकारी लोक? हल्ली येतात का?”

तिनं ‘या’ म्हटलं नाही. “नाही येत, साहेब. बंद झालं. लोक हौसेनं खर्च करतात ना.”

त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. “असं होय? कुणी बंद केलं?”

आठवतसुद्धा नव्हतं! शिवी देऊन गेले असते तरी तिला बरं वाटलं असतं.

“अगं, म्हातारं माणूस,” सासूबाई आतून पुटपुटल्या. “टेकायला तरी सांगायचंस.”

“त्यांची ऐपत आहे, आई. माणूस ठेवतील.”

आज सासूबाई नणंदेकडे गेल्यात, नवरा कामावर. वर सकाळपासून नळ वाहतोय. रोज त्यांच्या सपाता फटक-फटक वाजतात, खुर्ची सरकते, खोकला येतो. मुलीमागे डोळ्यांत तेल घालून राहण्याची सवय लागलेल्या बाईला यातलं काही सुटत नाही. आज फक्त पाणी. दोनदा तिचा हात कडीपर्यंत गेला, दोनदा ती परत येऊन चिमीसमोर बसली.

चिमीला रोज एक शब्द शिकवायचा असतो. आजचा शब्द तिनं मुद्दाम निवडला. चिमीचा तळवा तिनं वरून येणाऱ्या पाइपावर टेकवला. थरथर लागताच पोरगी खुदकन हसली.

“पाणी,” आई म्हणाली.

“पा,” चिमी म्हणाली. मग ओठ मुडपून, जोर लावून, “णी.”

आईनं तिला कुशीत ओढलं आणि डोळे मिटले. पाइप थरथरतच होता.

तुम्ही त्या जिन्यानं वर जाणार असाल, तर तिच्या वरच्या मजल्यावरचं दार जरा ठोठावून बघा. ती जायची नाही.