सावधानमधलं हसू

यावर कुणाचा विश्वास बसणार नाही, आणि न बसलेलाच बरा. पण शिंप्याची धाकटी सैन्यात गेली तेव्हा तिचा सर्वांत मोठा शत्रू तिच्याच पोटात दडून बसला होता. हसू!

साधंसुधं हसू नव्हे. गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं आणि कमरेभोवती टेप गेली, की भलेभले पोट आत ओढतात. ते पाहून ही अशी खिदळायची की डबीतल्या टाचण्या उभ्या राहायच्या. शाळेची शेवटची परीक्षा पास झाली तशी म्हणाली, "मी सैन्यात जाणार."

"अगं, तिथे तोफेला हसशील!" आई म्हणाली. शिंपी मात्र खूश. म्हटलं, चला, निदान गिऱ्हाइकं तरी टिकतील.

पोरगी भरती होऊन प्रशिक्षणाला गेली. धावण्यात अशी, की तिची सावली दमून झाडाखाली बसायची. पण 'सावधान' म्हटलं की संपलं! समोर कवायत मास्तर छाती फुगवून उभा, आणि हिच्या पोटात गुदगुल्या. एकटी हसली की मागोमाग अख्खी रांग. शेवटी मास्तर कडाडला, "निरोपाच्या संचलनात दात दिसला, तर ट्रंक उचलायची आणि घर गाठायचं!"

पोरीचा चेहरा उतरला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला हसण्याहून जास्त काहीतरी हवं होतं.

संचलनाला सगळ्यांचे आईबाप आले. पहिल्या रांगेत शिंपी, दगडी पुतळ्यासारखा गंभीर. मोठे साहेब रांग तपासत निघाले. कोट जुना, पोट नवं, श्वास आत ओढलेला. शिंप्याच्या पोरीने एका नजरेत ताडलं: वरून तिसरं बटण. दोरा उसवलाय. साहेबांनी श्वास सोडला की गेलंच!

साहेब नेमके तिच्यासमोर थांबले. "काय गं, घरची आठवण..." म्हणेपर्यंत टप्प! बटण उडालं, तिच्या टोपीवर आपटलं आणि तिथून थेट मास्तरच्या मिशीत जाऊन अडकलं.

हसू पोटातून निघालं, गळ्याशी आलं. तिने दात आवळले. कान लालभडक, डोळ्यांना धारा. दाबलेल्या हसण्याच्या जोराने बूट वीतभर जमिनीत रुतले, पण ओठ म्हणून हलला नाही! साहेबांना वाटलं, पोरगी अभिमानाने रडतेय. त्यांनी पाठ थोपटली. "शाब्बास! ही माझ्या पलटणीत हवी."

"मग ते हसू गेलं कुठे?" दुकानात इस्त्रीच्या कपड्यांसाठी थांबलेल्या गिऱ्हाइकाने विचारलं.

"जाणार कुठे? बुटांतून जमिनीत, जमिनीतून बँडच्या मोठ्या ढोलात! कुणी हात न लावता तो ढोल असा खो खो हसला, की मैदानभर—"

"बाबा!" सुट्टीवर आलेली लेक आतून गरजली. "कुठला ढोल? हसत तुम्ही होतात! खुर्चीसकट आडवे झालात, दोन जवानांनी उचलून बाहेर नेलं तुम्हाला!"