सभागृहाची भिंत

मिना राठोड औरंगाबादहून चित्रकलेची पदविका घेऊन आली आणि हिंगोलीजवळच्या गोरेगावच्या एका खासगी शाळेत चित्रं शिकवायला लागली. बंजारा तांड्यातली पोरगी मास्तरीण झाली म्हणून तिच्या आईनं, मोतीबाईनं, घरोघर गूळ वाटला. मिनाची स्वतःची चित्रं मात्र कुणाच्या पचनी पडत नसत. चौकोन, त्रिकोण, आडव्याउभ्या पट्ट्या. त्यात झाड नाही, माणूस नाही. हे काय आहे असं विचारलं की ती सांगायची, जे दिसून राहिलं तेच आहे.

अठ्ठ्याण्णव साली शाळेच्या संस्थेनं महिलांसाठी सभागृह बांधलं. अध्यक्ष ग्यानबाराव, अख्खं गाव त्यांना नाना म्हणायचं. स्टेजमागची भिंत मिनानं रंगवावी असं त्यांनीच ठरवलं. तिनं आराखडा कागदावर काढून दाखवला, नानांनी फोनवर बोलता बोलता मान हलवली. उन्हाळ्याची सुट्टी तिनं परांचीवर काढली. दोरी ताणायची, रेघ मारायची, नाही पटली की ओल्या फडक्यानं पुसायची. गेरू, राखाडी, निळ्या रंगांचे मोठमोठे चौकोन आणि त्यांच्यामधून एकच तिरपी पिवळी पट्टी. त्या पट्टीमुळं सगळी भिंत आता घसरते की काय असं वाटे, आणि घसरत नसे. एवढं मोठं आणि एवढं मनासारखं काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी ती सभागृहात गेली, तर गावातला जळबा पेंटर कुंचले धूत बसला होता. पिवळ्या पट्टीवर बरोबर मधोमध एक बाई उभी होती. नऊवारी नेसलेली, डोक्यावर घागर, गालात हसणारी. जळबानं मान खाली घातली. नानांनी सांगितलं, मॅडम, म्हणाला.

नाना बाहेर मांडव घालून घेत होते.

"महिलांचं सभागृह हाय, पोरी. त्यात एखादी बाई दिसायला पाहिजे का न्हाई?"

"नाना, ते बाईनंच काढलंय."

"मग? तुझी नक्षी कुठं पुसली मी? तुमच्या घागऱ्यावर असते तशी हाय की सगळी, छान."

ही नक्षी घागऱ्यावरची नाही, हे ती सांगायला लागली तोवर नाना मांडववाल्याला खांब कुठं रोवायचा ते दाखवायला निघून गेले. मिनाची कानशिलं तापली. तिनं दुकानातून पांढऱ्या डिस्टेंपरचा डबा आणला आणि परत परांचीवर चढली.

"ती बाई पुसता का?" जळबानं भीत भीत विचारलं.

"न्हाई. ती नानांची हाय. मी माझं घेऊन चालले."

निळा गेला, राखाडी गेला, गेरू गेला, पिवळी पट्टी गेली. बाईच्या पदराच्या कडेनं, घागरीच्या गोलाईनं तिनं बारीक कुंचल्यानं पांढरा भरला. त्या बाईला एक थेंब लागू दिला नाही. दिवस मावळताना पांढऱ्याफटक भिंतीवर ती एकटीच अधांतरी हसत राहिली.

दुसऱ्या दिवशी नानांनी घाईघाईनं कापडी फलक लावून भिंत झाकली. फलक आखूड पडला. भाषणं चालू असताना वर घागर तेवढी दिसत होती आणि समोरच्या बाया पदरात तोंड घालून हसत होत्या.

जूनमध्ये शाळेनं मिनाला बोलावलं नाही. बाईच तर होती, तुला काय खाऊन राहिली होती का, असं मोतीबाई दिवसभर बोलत राहिली. नोकरी गेल्याचं मिनाला एवढं वाटलं नाही. आपलं सगळ्यात चांगलं चित्र आपल्याच हातानं पुसायला लागलं, ते नानांनी आपल्याकडून करून घेतलं, या विचारानं तिच्या दातावर दात बसत.

ती हिंगोलीत खोली करून राहिली. चित्रकलेचे वर्ग घेतले, उरल्या वेळात चौकोन काढले. काही वर्षांनी औरंगाबादला अमूर्त चित्रं काढणाऱ्या बायांचं प्रदर्शन भरलं, त्यात तिची चार चित्रं लागली. पेपरात फोटो आला. लगेच आठवड्याभरात शाळेचा शिपाई देविदास दारात हजर. नानांनी सत्कार ठेवला होता. पत्रिकेत 'आमच्या शाळेच्या कलाशिक्षिका' असं छापलं होतं आणि खाली, आदिवासी व पारंपरिक कला.

मिनानं त्याला बसवलं, चहा दिला. तो बिचारा म्हणाला, "एवढी वर्सं झाली, मॅडम. अजून राग हाय का?"

"व्हय, हाय," ती म्हणाली, आणि पत्रिका त्याच्या हातात परत दिली.